बालशाच्या जावळाची भानगड

झाब्ल्याक, सोमवार (आजी योका म्हणते मंगळवार)

तीर्थरूप गोयकोमामा,

तुम्हाला, मामीला आणि तुमच्या लंगड्या घोडीला नमस्कार. गुडघा कसा आहे? पत्र लिहायला बसतो बसतो म्हणत मी इतकं लांबवलं की आता तोंड दाखवायला लाज वाटते. बरं आहे, पत्रात तोंड दिसत नाही. आधी पेन सापडेना, आणि पेन सापडलं तोवर शेजाऱ्याने मेंढ्या कातरायला बोलावलं. (यंदा मी कातरणीचं काम धरलंय. गेल्या वर्षीचं मधमाश्यांचं काम माझं नव्हे, माश्यांचंही तेच मत पडलं.) फोन केला असता, पण फोनवर तुम्ही पहिल्या वाक्यालाच ओरडायला लागता. झालेल्या गोष्टीवर माझा अजून विश्वास बसलेला नाही, तुम्हीही बसूनच वाचा.

स्टाना तुम्हाला आठवत असेल, वुकोताची धाकटी बहीण. आमचं जमलंय हे फक्त तिला, मला आणि त्यांच्या कुत्र्याला ठाऊक होतं. घरी विचारायचं तेवढं राहिलं होतं. तेव्हा बेत असा केला की दिवसभर तळी हिंडायची आणि दुपारी तारा नदीच्या दरीच्या कड्यावर जायचं. तिथे वुकोता जेवण घेऊन येणार होता. पोट भरलेल्या भावाला बहीण मागणं सोपं, हा माझा हिशेब. तरण्या पोरीला एकटी कोण सोडतो, म्हणून सोबत त्यांची आजी योका, आणि तिला सोडत नाही म्हणून वुकोताचा तीन वर्षांचा मुलगा बालशा.

काळ्या तळ्यावर मी नाव वल्हवली. माझा उजवा हात जरा जास्त ओढतो (डावा लहानपणी तुमच्याच आलुबुखारच्या झाडावरून पडून मोडला होता, तो विषय आता नको), त्यामुळे आम्ही एकाच जागी गरगर फिरत राहिलो. शेवटी आजी म्हणाली, “बाबा, तळं दाखवतोयस की ताक घुसळतोयस?” स्टाना हसली. दिवस चांगला जाणार असं मला तेव्हा वाटलं, यावरून माझी अक्कल ओळखा.

पुढे सापतळ्याला गेलो. आजी जांभळी बोरं तोडायला झुडपांत शिरली, स्टाना आणि मी जरा बोलत बसलो, आणि तेवढ्यात बालशाने जिवाच्या आकांताने भोकाड पसरलं. जाऊन बघतो तर पोरगं पाइनच्या झाडाला चिकटलेलं! खोडाला डिंकाचा पाझर फुटला होता, हा टेकून बसला, आणि त्याचे ते खांद्यापर्यंत आलेले सोनेरी केस झाडाने धरून ठेवले. सोडवायला जावं तर पोर आणखी किंचाळतं. स्टाना ओरडली, “बघत काय बसलास, कर की काहीतरी!” मामा, माझ्या पिशवीत मेंढ्यांची कात्री. माझा हात डोक्याला विचारून कधी चाललाय? एक झटका, आणि बालशा मोकळा. केसांचा अर्धा झुबका खोडाला, अर्धा माझ्या मुठीत. मी छाती काढून स्टानाकडे पाहिलं, तर ती सायीसारखी पांढरी.

“तादिया, काय केलंस हे?”

“सोडवला की.”

“अरे, ते त्याचं जावळ होतं!”

मामा, माझ्या पायाखालून अख्खा दुर्मितोर डोंगर सरकला. ज्याच्या हातून पोराचे पहिले केस पडतात तो त्या घरचा कूम, कूम म्हणजे रक्ताहून जवळचा, आणि कूमाच्या घरी मुलगी ना द्यायची ना घ्यायची, कारण ती बहीणच झाली, हे मला आईच्या दुधाबरोबर पाजलंय. बालशाच्या जावळासाठी त्यांनी निक्षिच शहरचे न्यायाधीश ठरवले होते. आणि कातरलं कोणी? मी! कशाने? मेंढ्यांच्या कात्रीने!

“नवरा व्हायला निघाला होतास,” स्टाना दात खाऊन म्हणाली, “आणि भाऊ होऊन बसलास, गाढवा!”

मी म्हटलं, डिंक लावून परत चिकटवू. डिंकाला काय तोटा होता? तेवढ्यात आजी आली. तिने माझी मूठ पाहिली, बोरं खाली टाकली, छातीवर क्रूस केला. आता काठी पडणार म्हणून मी डोळे मिटले, तर तिने माझे मुके घेतले! “कूम! देवानेच धाडला!” मी म्हटलं, आजी, चुकून झालं हो. तर म्हणते, “पोरंसुद्धा चुकून होतात, कूम. परत देतो का आपण?”

कड्यापर्यंत ती पुढे आणि मी मागे, खाटकामागे कोकरू जावं तसा. तिने बातमी सांगताच वुकोताने गाडीतून बंदूक काढली. माझं आयुष्य संपलं असं धरून मी खाली बसलो. त्याने आनंदाने आभाळात गोळी झाडली. दरीत तिचा आवाज इतका घुमला की राष्ट्रीय उद्यानाचा रखवालदार दंड करायला धावत आला आणि बातमी ऐकून राकिया प्यायला बसला. वुकोताने मला उचलून धरलं. “माग, कूम! काय हवं ते माग! कूमाला नाही म्हणायची रीत नाही!” मामा, विचार करा: हवं ते मागता येतं, आणि हवी तीच मागता येत नाही. मी स्टानाकडे पाहिलं, स्टानाने माझ्याकडे पाहिलं, मग दोघांनी दरीत पाहिलं, जिथे नदी दोऱ्याएवढी दिसते.

मी मीठ मागितलं.

तेव्हापासून मी त्यांच्याच घरात वरच्या खोलीत आहे. कूमाला जाऊ देत नाहीत. खाऊ घालून घालून मारतील.

आपला भाचा,
तादिया

ता. क. पत्राचं खरं कारण आता लिहितो. जावळाची भेट दिल्याशिवाय कूमपण पक्कं होत नाही, हे मी तुमच्याच तोंडून ऐकलंय. मी बालशाला अजून बटणही दिलेलं नाही. त्याने माझी टोपी मागितली, तीही मी डोक्यावर दाबून धरली. रीतीभातीत तुमचा शब्द इथे सगळे मानतात. तेव्हा रविवारी या आणि सगळ्यांसमोर ठणकावून सांगा: भेट नाही तर कूम नाही. स्टाना म्हणते, मामा काय म्हणतात ते बघू, मग तुझ्याशी बोलायचं की नाही ते ठरवीन.

आणखी एक, बाबांच्या कानावर यातलं काही घालू नका. ते मला जन्मभर वाया गेलेला समजत आले. मानाचं काही घडलं असं कळलं तर त्यांना सोसायचं नाही.

थांबा. खाली अंगणात घंटा वाजतेय. खिडकीतून बघतो.

मामा, बाबा आलेत! कोणीतरी कळवलंच त्यांना. जे लग्नाकार्यालाही गाव सोडत नाहीत, ते नवा कोट घालून, डोळे भरून उभे आहेत. हातात दोरी, दोरीला आमचा सगळ्यात मोठा मेंढा, शिंगांना भेटीची लाल फीत. आजी योका त्यांना ओवाळायचं तेवढं बाकी ठेवतेय. वुकोता बंदूक आणायला गेलाय.

बालशा मेंढ्यावर बसलासुद्धा.