तिसऱ्या कडव्यातली टकटक

ती. ताईस,

बारक्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग आपलं म्हणायची पद्धत. आठांपैकी दोन गुडघे आणि एक खांदा सध्या डॉक्टरांच्या ताब्यात आहेत. उरलेल्या पाच अंगांनी जेवढा होईल तेवढा गोड मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? साखर तपासलीस का? भावोजींच्या कानातलं यंत्र चालतं, की अजूनही तू बोलायला लागलीस की ते काढून चष्म्याच्या डबीत ठेवतात? त्या माणसाच्या धोरणीपणाचं मला पहिल्यापासून कौतुक आहे. इकडे सगळं ठीक. ठीक म्हणजे घरात मी एकटा आहे आणि मी बोलत नाही, त्यामुळे भांडण नाही.

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून तू आधी पाकीट उलटंसुलटं करशील, शिक्का धड उमटला नाही म्हणून आजकालच्या पोस्टाचा उद्धार करशील (पस्तीस वर्षं खिडकीमागे बसलेल्या बाईला तो हक्क आहे), आणि मग भावोजींना विचारशील, कोण गेलं? कोणी गेलेलं नाही. जाण्यासारखे होते ते आधीच गेले, आणि या पत्राचं कारण नेमकं तेच आहे. आमचं ते गाणं, 'थांब, आलोच', त्याला यंदा चाळीस वर्षं होतात म्हणून रेकॉर्ड कंपनी ते धुऊनपुसून पुन्हा बाजारात आणते आहे. सोबत एक पुस्तिका. पुस्तिकेत गाण्याची पार्श्वभूमी हवी, आणि ती सांगायला आमच्या तिघांपैकी जिवंत माणूस हवा. लंबूचं यकृत गेलं, मास्तर झोपेत गेले, आणि गाण्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा माणूस, म्हणजे मागे बसून ड्रम बडवणारा मी, इतिहासकार झालो. ही बढती गुणवत्तेवर मिळालेली नाही.

तर पार्श्वभूमी. तुला ठाऊक नसेल, पण ज्या गाण्यावर लोकांनी प्रबंध लिहिले ते लंबूने बसवर लिहिलं होतं. सकाळची आठ वाजून दहाची बस. तो गोदामात कारकून होता, रोज उशिरा उठायचा, आणि ती बस रोज त्याच्या डोळ्यांदेखत सुटायची. लांबच लांब तंगड्या टाकत तो मागून ओरडायचा, थांब, आलोच! चालक आरशात बघायचा आणि वेग वाढवायचा. लंबूचं म्हणणं, याहून मोठं दुःख जगात नाही. गिटारवर त्याला सुचायचं तेही तसंच. ब्लूज या अमेरिकी रडगाण्याची रीत अशी की पहिल्या ओळीत रडायचं, दुसऱ्या ओळीत तेच रडणं पुन्हा रडायचं, आणि तिसऱ्या ओळीत का रडलो ते सांगायचं. (तू म्हणशील, आपल्या घरी हे गिटारशिवाय चालायचं. खरं आहे.) मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे आणि आमच्यात बेस गिटार वाजवायचे. त्यांनी गाण्यातून बसचा उल्लेख काढून टाकला. थांब म्हणणारा कोण, कोणाला म्हणतो, हे मोघम ठेवलं की जाणकार खूश होतात, हे त्यांना शाळा-तपासनिसांच्या अनुभवावरून माहीत होतं.

रेकॉर्डिंग झालं ते लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत. ती खोली तू पाहिली आहेस, निदान तिचं दार तरी. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने भिंतींना जुन्या गाद्या ठोकून तिला स्टुडिओ म्हणायला सुरुवात केली होती. खाली धुलाईची सहा यंत्रं दिवसभर धडधडायची, वर कप बशीत नाचायचा. फक्त दुपारी एक ते दोन, जेवणाच्या सुट्टीत, यंत्रं बंद. म्हणजे काय वाजवायचं ते त्या तासात. एकच्या ठोक्याला दाराबाहेर लाल दिवा लागायचा, आणि दिवा लागला की बाप मेला तरी दार उघडायचं नाही असा रेडिओवाल्याचा नियम होता. (हे त्याचे शब्द आहेत, ताई. मी पदरचं काही घातलेलं नाही. रोज म्हणायचा आणि आम्ही रोज हसायचो.)

त्या दिवशी पहिले तीन प्रयत्न फुकट गेले. एकदा तार तुटली, एकदा मास्तर शिंकले, एकदा मी चुकलो. चौथा सुरू झाला तेव्हा दोनला पंचवीस मिनिटं उरली होती. आणि ताई, तो जमला. आयुष्यात एकदा एखादी गोष्ट आपसूक चालायला लागते आणि आपण फक्त तिच्या मागे धावतो, तसं झालं. लंबू तिसऱ्या कडव्यावर आला, 'थांब' म्हणून श्वास घ्यायला थांबला, आणि त्या एवढ्याशा जागेत दारावर तीनदा टकटक झाली. मग तो 'आलोच' म्हणाला. ड्रमचा माइक दाराशेजारी होता. त्याने सगळं टिपलं. बाकी त्या दिवसाचं तुला माझ्याहून जास्त माहीत आहे.

आता त्या गाण्याचं लोकांनी काय केलं ते ऐक. पहिल्या तीन महिन्यांत तेवीस प्रती खपल्या, त्यातल्या एकोणीस मास्तरांच्या वर्गात. (भूगोलाचे गुण मास्तरांच्याच हातात होते.) मग रेडिओवरच्या एका निवेदकाने तबकडी चुकून उलटी लावली. वाजवायचं होतं मागच्या बाजूचं प्रेमगीत, वाजलं हे. आठवड्याभरात एका समीक्षकाने लिहिलं की तिसऱ्या कडव्यातली टकटक म्हणजे साक्षात नियतीने दार ठोठावलं आहे. दुसऱ्याने लिहिलं, नियती नव्हे, तो माणसाचा अंतरात्मा. तिसऱ्याने दोघांना वेड्यात काढून त्यात वर्गसंघर्ष शोधला. तिघे पुढे दहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आणि लोकांनी? लोकांनी टकटक करायला सुरुवात केली. गाणं कुठेही लागो, तिसरं कडवं आलं की सगळी खोली टेबलावर बोटांनी तीनदा ठोकते. खानावळीत ठोकतात, लग्नात ठोकतात, तुरुंगातही ठोकतात म्हणे. कुलपांच्या एका कंपनीने जाहिरातीत ती टकटक वापरली. माझा दातांचा डॉक्टर मला ओळखतो, त्यामुळे दात तपासताना हत्याराने तीनदा ठोकतो आणि भुवया उडवून बघतो. तोंडात त्याचे दोन्ही हात असतात म्हणून तो अजून जिवंत आहे.

सगळ्यात वाईट लंबूला पोचवायला गेलो तेव्हा झालं. पाचेकशे माणूस लोटलं होतं. शवपेटी खाली ठेवायच्या आधी कोणीतरी पुढे झालं आणि झाकणावर तीनदा टकटक केली. मग दुसऱ्याने, मग रांगच लागली. आणि प्रत्येक वेळी पाचशे माणसं गळा काढून म्हणायची, थांब, आलोच. मला दरदरून घाम फुटला. एक तर हा आतून उठून बसेल असं वाटलं, कारण लंबूला गर्दी दिसली की राहवायचं नाही. आणि दुसरं म्हणजे ती टकटक कोणाची हे त्या पाचशेत एकट्या मला ठाऊक होतं आणि मी पण रांगेत उभा राहून ठोकून आलो.

कारण चाळीस वर्षं मी हेच करत आलो. प्रत्येक मुलाखतीत विचारायचे, ही कल्पना कोणाची? लंबू म्हणायचा, वरून आली. मास्तर म्हणायचे, आम्ही तिघांनी मिळून. मी एकदा एका वर्तमानपत्राला सांगितलं की माझ्याकडे लाकडाचा एक ठोकळा होता, तो मी काठीने वाजवला. तू ते कात्रण कापून मला पाठवलंस. सोबत एक ओळही नाही. शिक्का मात्र इतका स्वच्छ उमटलेला की तू स्वतः मारला असणार. त्यानंतर भावोजींच्या निवृत्तीच्या समारंभात आपण भेटलो तेव्हा गाडी कुठे लावायची यावर दोन वाक्यं बोललो, आणि ती शेवटची.

असो. पत्राचं काम एवढंच की पुस्तिकेसाठी माझा तरुणपणीचा एखादा फोटो हवा आहे, आणि आपला अल्बम तुझ्याकडे आहे. ज्यात माझे कान कमी दिसतात असा बघून पाठव. भावोजींना नमस्कार. (यंत्र घातलेलं असेल तर.)

तुझा,
बारक्या

ता. क. फोटो नको. कंपनीकडे ढीगभर आहेत. सात पानं लिहायला काहीतरी निमित्त लागतं.

ता. क. दुसरा. मी तुला पहिल्यांदा सांगितलं होतं की खोलीतल्या आवाजात टकटक ऐकूच आली नाही. मग तू पोस्टात शिक्के मारत असताना रेडिओवर गाणं लागलं आणि तुझीच टकटक तुला स्वच्छ ऐकू आली. तेव्हा मी सांगितलं की आमच्या कानांवर हेडफोन होते आणि माझी पाठ दाराकडे होती. ताई, माझं तोंड दाराकडे होतं. दाराला वहीएवढी काच होती आणि त्या काचेत तू होतीस. धापा टाकत होतीस, केस सुटले होते, एका पायात चप्पल नव्हती. तू कशासाठी आलीस हे मला त्याच क्षणी कळलं. हातपाय अडकले होते म्हणून मी मान हलवली, आता नको, अशी. तू पाहिलंस हे मला माहीत आहे. तू इतकी वर्षं बोलली नाहीस हेही माहीत आहे.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही. तू परत पळालीस. गाणं संपायला एक मिनिट चाळीस सेकंद उरले होते, ते मी पूर्ण केलं. तेवढ्यावर मी उठलो असतो तरी चाललं असतं. बाबांना ठेवलं होतं तो दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. पण लंबू म्हणाला, कसं झालंय ते एकदा ऐकू. आणि मी बसलो. काठ्या मांडीवर ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. टकटक आली तेव्हा ते दोघे दचकले आणि मग खूश होऊन हसले, आणि मीही हसलो. तू सांगितलंस की बाबांनी दोनदा विचारलं, बारक्या कुठाय, आणि तू त्यांना म्हणालीस, आलाच. तू सांगितलंस की मी पोचायच्या आधी चार मिनिटं ते गेले. गाण्याची लांबी चार मिनिटं दहा सेकंद आहे. ती वेष्टनाच्या पाठीमागे छापलेली असते, त्यामुळे मी तबकडी उलटी करून कधीच ठेवत नाही.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. गाणं धुणारी तंत्रज्ञ बाई फार हुशार आहे. तिच्याकडे असं यंत्र आहे की एकेक आवाज सुटा करून ऐकता येतो. काल तिने मला बोलावलं, लंबूला बंद केलं, मास्तरांना बंद केलं, मला बंद केलं. उरलं फक्त दार. तीनदा टकटक, आणि तिसऱ्या टकटकीच्या मागे, चाळीस वर्षांत कोणाच्याही कानाला न लागलेला, तुझा आवाज. 'बारक्या, अरे चल ना.' तुझा तेव्हाचा आवाज किती लहान होता गं. बाई म्हणाली, बाहेर कोणी बाई बोलते आहे, पुसून टाकू का? म्हणालात तर टकटकही जाईल, पण ती गेली तर लोक मारतील. मी शुक्रवारपर्यंत सांगतो म्हणालो, आणि बाहेर येऊन जिन्यात बसलो.

टकटक तुझी आहे आणि आवाजही तुझा. ठेवायचं की पुसायचं ते तू सांग. ठेवायचं असेल तर पुस्तिकेत मी खरं लिहीन, काच, मान आणि चार मिनिटं दहा सेकंद, सगळं. फक्त उत्तर पत्राने पाठवू नकोस. ये. कंबर दुखत असेल तर भावोजींना धरून ये, पण ये. खालचा मजला आहे, जिना नाही. दाराला घंटा आहे, ती दाबू नकोस. गुडघ्यांमुळे उठायला वेळ लागतो म्हणून आजपासून मी खुर्ची दाराशीच ठेवतो आहे. टकटक कर. एकदाच कर. तीन होईपर्यंत मी बसून राहणार नाही.