मधला काळा टाका

२ नोव्हेंबर

आई म्हणाली, ताईची शाल उसवायची. "लोकर चांगली आहे, कुणाच्या तरी कामी येईल." मी ज्यांच्या दुकानात काम करते त्या मालकीणबाई रविवारी येऊन घेऊन जाणार.

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच कळलं नाही.

३ नोव्हेंबर

दिवसभर दुकानात लोकरीचे गुंडे केले. मालकीणबाई गिऱ्हाइकाला सांगत होत्या, "सख्खी बहीण गेली, पण डोळ्यांत टिपूस नाही! कायम तोंडात मूग." मला ऐकू जाईल अशाच बोलल्या. खरंच आहे. दात काढताना सुई देतात ना, तसं झालंय — गाल आपलाच, पण दुसऱ्याचा वाटतो.

४ नोव्हेंबर

शाल काढून बघितली. तिकोनी आहे. टोकाला एक टाका, पुढच्या ओळीत दोन, मग तीन, अशी वाढत जाते. ताईनं दवाखान्यात खाटेवर बसून क्रोशानं विणलेली. नक्षी आकड्यांवरून काढली होती. वर १. खाली १ १. मग १ २ १. मग १ ३ ३ १. कडेला कायम एक, आणि मधला प्रत्येक आकडा म्हणजे त्याच्या वरच्या दोघांची बेरीज. विषम आला की काळा टाका, सम आला की पांढरा.

ताई मलापण शिकवायला लागली, तेव्हा मी म्हटलं होतं, मला नाही जमणार, मी शाळा सोडलीय.

"शाळा सोडलीस, बेरीजपण सोडलीस का गं? आणि बेरीज तरी कशाला! वरचे दोन टाके बघ. सारखे असले तर पांढरा, वेगळे असले तर काळा. झालं!"

शाळा मी तिच्या आजारपणात सोडली. परत जा असं कुणी म्हटलं नाही. मीपण नाही.

५ नोव्हेंबर

चूक सापडली! अगदी शेवटच्या ओळीत. वरची ओळ सगळी काळी, म्हणजे ही दोन टोकं सोडून सगळी पांढरी हवी. तर बरोबर मधे एक काळा टाका! ताई आणि चूक?

मालकीणबाईंना दाखवलं. "हात थरथरला असेल बिचारीचा. नाहीतरी सगळी उसवायचीच आहे. तुला खुपत असेल तर एक ओळ आत्ताच काढ."

एक ओळ. पण तिची शेवटची.

६ नोव्हेंबर

नाही उसवली.

७ नोव्हेंबर

उसवण्याऐवजी पुढे विणत गेले. टाका चुकला असला तरी ताईचा नियम तोच ठेवला. काळ्याखाली दोन काळे आले. मग काळा-पांढरा-काळा. मग चार काळे — आणि हात थांबला. हे तर शालीचं टोक! कडेला दोन्हीकडे छोटे त्रिकोण येतात, ते यायचेच होते. हा मधला तिसरा. त्या चुकीच्या टाक्याखाली अख्खी नक्षी पहिल्यापासून सुरू झालीय.

आनंद झाला का, माहीत नाही. जेवायचं विसरले.

८ नोव्हेंबर, रविवार

मालकीणबाई आल्या. आई शाल आणायला उठली. मी म्हटलं, "नाही द्यायची." एवढ्या मोठ्यानं, की मीच दचकले.

"अगंबाई, हिला आवाज आहे!" म्हणत मालकीणबाई रिकाम्या हातानं गेल्या.

आई भडकली. "मला ती नजरेसमोर नकोय, कळत कसं नाही तुला!" मी शाल तिच्या मांडीवर पसरली, मधला त्रिकोण दाखवला. काळ्या टाक्यावर बोट ठेवून ती बसून राहिली. मग शाल घेऊन आत गेली.

९ नोव्हेंबर

तो टाका आईचा आहे. सकाळी तिनंच सांगितलं. ताई म्हणाली होती, एक तू घाल. आईनं घातला तो नेमका काळा. शेवटचं काम आपण बिघडवलं, हे आई इतके दिवस गिळून बसली होती. तेव्हाच म्हणाली होती, चुकलं गं, उसव. पण ताईनं ओळ तशीच पुरी केली. म्हणाली, "राहू दे. खाली काय होतं ते बघायचंय मला."

आज पुढची ओळ आईनं घातली. मी शेजारी बसून सांगत होते — सारखे, पांढरा. वेगळे, काळा.

पान ओलं होतंय. पुरे.