एकाच दोरीवरचे बोंबील

आये, परवा भर सभेत मी तुझ्यासारखं बोलायला उभी राहिले, पण जमलं नाही.

मी लहान असताना एकदा तू पडवीत मासळी कापत होतीस आणि मतं मागायला आलेल्या माणसाने तुझ्यापुढे लुगडं धरलं. खवले लागलेल्या हातातली सुरी खाली न ठेवता तू म्हणालीस, "मत मागाया आलास तं हात जोड. लुगडी द्यायला माझा नवरा हाय." तो घडी न मोडता ते परत घेऊन गेला. मी दारात बसून हसते आहे, अजून.

आता लुगडी नाहीत, कंपनी मासळी ठेवायच्या बर्फाच्या पेट्या देते. आमच्या आळीत एका उमेदवाराने वाटल्या, खालच्या आळीत त्याच्या विरोधातल्याने. पेटी तीच, कंपनीचं नाव तेच, वर चिकटवलेला फोटो तेवढा वेगळा. दोघांच्याही सभेत कंपनीचा तोच साहेब पहिल्या खुर्चीवर. बोईसरच्या याच कंपनीच्या टाकीत साफसफाईला उतरलेले माझे हे वर आले नाहीत, आणि तिचंच पाणी आपल्या नवापूरच्या दर्यात येतं. बोंबील वाळत घालायला तू शिकवलंस: दोघांचे जबडे एकमेकांत अडकवायचे, एक दोरीच्या इकडे, एक तिकडे. वाचायला मी माझी मी शिकले, पण या दोघांना ओळखायला तुझी ती दोरीच पुरली.

आमच्या आळीतल्या सभेत मी उभी राहून उमेदवाराला विचारलं, "निवडून आलास तर कंपनीचं घाण पाणी दर्यात सोडणं बंद करशील का? हो की नाही, एवढंच सांग." त्याने आधी साहेबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मावशी, रोजगाराचाही विचार करावा लागतो." माझा नवरा तुमच्या रोजगारातच गेला, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून शेजारीण ओरडली, "बस गो खाली! पेटी घेतलीस तवा नाय इचारलास?" बाया हसल्या. साहेबही हसला. मी बसले.

रागाने अंग जळतं, आये. आम्हाला एकेका पेटीत गप्प केलं, पण विकत घेतलं ते त्या दोघांना. आमच्या बोटाला शाई लागायच्या आधीच त्यांची निवड उरकलेली असते. मग आम्ही रांगेत उभं राहून निवडतो ते काय? फोटो?

घरी आल्यावर पेटी साहेबाच्या गाडीपुढे नेऊन आपटणार होते. पण आत दुसऱ्या दिवशी सकाळी पालघरच्या बाजारात न्यायची मासळी होती, आणि त्या पेटीत बर्फ खरंच टिकतो. मी फोटो तेवढा खरवडून काढला.

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे पत्र तुला निरोप दिला त्या किनाऱ्यावर नेऊन मोठ्याने वाचून दाखवायचं ठरवलं होतं. पण घरी वाचून पाहते तेव्हा लुगड्यापर्यंत आवाज चांगला लागतो. पेटीपाशी आले की मला पुढे वाचवत नाही.