बेपत्तांचे पंधरा टक्के

१२ मार्च

ती. आईस नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आज नव्या औषधाच्या अभ्यासाला किती रुग्ण लागतील ते काढलं. दोनशे मृत्यू नोंदले गेले तरच औषधानं आयुष्य वाढतं का ते कळतं, म्हणून पाचशे रुग्ण. मधेच बेपत्ता होणाऱ्यांसाठी दहा टक्के जास्त धरले.

साहेब म्हणाले, "पंधरा धरा हो. माणसं घरी जातात अन् गप्प बसतात."

मी पंधरा धरले.

बाबाही असल्याच अभ्यासात होते आणि घरी वारले. तिथल्या कागदावर मात्र ते बेपत्ताच आहेत. त्यांनी पाठवलेलं चौकशीचं कार्ड तू फाडलंस, मीही अडवलं नाही. दुसरं आलं तर बाबा गेल्याची तारीख लिहून पाठव. एवढं सोसलं त्यांनी, ते मोजलं तरी जाऊ दे.

गुडघा कसा आहे?

कपडे वाळलेत. घड्या घालायला बसते.

तुझी,
धाकटी