ललितरावांचं औषध

२३ मार्च, रविवार. दुपारी ३

ललितने ग्रुपवर फोटो टाकला. ललित म्हणजे माझा साडू, सुलक्षणाच्या धाकट्या बहिणीचा, पुनमचा नवरा. पुण्यात राहतो आणि पुण्यात राहतो हे दर आठ दिवसांनी कळवतो. फोटोत त्याचा होम बार. वरच्या फळीवर एका ओळीत बारा छोट्या बाटल्या. खाली लिहिलंय: बिटर्सशिवाय बार म्हणजे नुसतं कपाट.

हा टोमणा मला आहे. गेल्या दिवाळीत हा माणूस माझ्या हॉलमधल्या बारसमोर उभा राहिला, दोन्ही दारं उघडली आणि विचारलं, भाऊ, बाकीचं कुठेय? बाकीचं! आतून आरसा लावून घेतलाय. निळा लाईट सोडलाय. सहा उंच ग्लास आहेत. बाटल्या दोनच आहेत, पण बार काय बाटल्यांवर असतो?

मी रागावलेलो नाही. बीपीमुळे डॉक्टरांनी राग बंद केलाय. फक्त नोंद करून ठेवतो.

संकल्प: आखाजीच्या आत बिटर्स. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही दोघे साडू फैजपूरला सासरी असतो. दुसऱ्या दिवशी एक मे, सुट्टी. ललितला जळगावला घरी आणायचं, बारसमोर बसवायचं आणि एक शब्द न बोलता त्याच्या ग्लासात तीन थेंब टाकायचे. बस.

२४ मार्च, सोमवार

दुकानात गिऱ्हाईक कमी. ठिबकच्या नळ्यांना अजून महिनाभर उठाव नाही. अकरा व्हिडिओ पाहिले. बिटर्स म्हणजे कडू मुळ्या, साली, मसाले दारूत भिजवून काढलेला अर्क. थेंबांनी घालायचा. मला हे आधीपासून माहीत होतं, फक्त त्याला बिटर्स म्हणतात हे माहीत नव्हतं.

प्रकार चिक्कार. अरोमॅटिक, ऑरेंज, चॉकलेट, सेलरी. निवड केली: अरोमॅटिक एक, ऑरेंज एक. चॉकलेट पोरांचं. सेलरी मी कधी पाहिलेली नाही, न पाहिलेली वस्तू घरात आणत नाही.

ललितकडे बारा आहेत. बारा कशाला लागतात? माणसाला निवड करता येत नाही, त्याचं लक्षण आहे हे.

२६ मार्च, बुधवार

ऑर्डर गेली नाही. "तुमच्या पिनकोडवर ही वस्तू मिळणार नाही." ४२५००१ ला काय धाड भरलीय? इथलं सोनं घ्यायला लांबून लोक येतात. इथली डाळ देशभर जाते. कुठल्या कुठल्या राज्यातली शेतं आमच्या गावच्या नळ्यांवर भिजतात. आणि चहाच्या कपात मावेल एवढी बाटली इथे येऊ शकत नाही.

कस्टमर केअरच्या मुलीला हे सगळं ऐकवलं. वीस मिनिटं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि पिनकोड परत विचारला.

संध्याकाळी बीपीची गोळी दोनदा घेतली की एकदाही नाही, आठवत नाही.

२८ मार्च, शुक्रवार

धुळ्याला मालाच्या कामासाठी गेलो होतो. तिथल्या तीन वाइन शॉपमध्ये विचारलं. एकाने सोडा दाखवला. एकाने लिंबाचं सरबत. तिसरा म्हणाला, मेडिकलमध्ये बघा. तिघांनाही फैलावर घेतलं.

परत आल्यावर आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात लोटनला विचारलं. काउंटरवर वीस वर्षं आहे तो. त्याने सगळं नीट ऐकलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "भाऊ, बठ्ठी दारू कडूच शे ना."

सगळी दारू कडूच म्हणे! या जिल्ह्यात सुधारणा होणार नाही.

३० मार्च, पाडवा

सकाळी सुलक्षणाने कडुनिंबाचा पाला आणि गूळ हातावर ठेवला. थुंकलो. ती म्हणाली, कडू शोधत जिल्हाभर फिरता आणि घरातलं थुंकता. तिला या विषयातलं काही कळत नाही.

बुद्धभूषण शुभेच्छा द्यायला आला. खालच्या मजल्यावर राहतो, त्याचं मेडिकल आहे. शिकलेला, पण फार शांत. शांत माणसांचा मला राग येतो. त्याला पिनकोडचं सांगितलं. तो म्हणाला, त्या परदेशी बाटल्यांत जी मुळी असते ना, ती आणि आपलं काडेचिराईत एकाच कुळातलं. घरीच करा की.

म्हणजे मी काय काढे उकळत बसू? चहा न देता पाठवला.

२ एप्रिल, बुधवार

बिटर्स घरी करायचे, ही कल्पना मला आज सुचली. काडेचिराईत वापरायचं. खान्देशी बिटर्स. जगात कुणाकडे नसतील. ललितच्या बारा बाटल्यांपैकी एकही त्याने स्वतः केलेली नाही, सगळ्या विकतच्या.

बुद्धभूषणला सांगितलं. तो म्हणाला, छान कल्पना आहे. कबूल करतो तरी.

५ एप्रिल, शनिवार

काडेचिराईत, मेथीदाणे, वाळलेली संत्र्याची साल, लवंगा, दालचिनी आणले. बरणीवरून घरात वाद. सुलक्षणा लोणच्याची बरणी देईना. शेवटी सांगितलं की ललितरावांनी त्यांच्या पोटाच्या औषधाची कृती पाठवलीय, त्यांच्यासाठी करतोय. लगेच बरणी मिळाली. धुऊन, पुसून, वर स्वच्छ फडकं बांधून. मला ताप आला तेव्हा थर्मामीटर शोधायला तिला अर्धा तास लागला होता.

ती भिशीला गेल्यावर बरणीत रमची अख्खी बाटली ओतली. तिला सांगायची गरज नाही. तिचे वडील, म्हणजे आमचे सासरे नाना, फैजपूरच्या व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष आहेत. माझ्या घरात बार आहे हे त्यांना माहीत नाही. ते आले की बारच्या शोकेसवर पडदा असतो आणि पडद्यापुढे फुलदाणी.

नानांबद्दल लिहायचं नाही असं ठरवलंय. पण मी थोरला जावई. एकोणीस वर्षं झाली. बोअर कुठे घ्यायचा, केळीला भाव काय येईल, सगळं ललितला विचारतात. ठिबक कुठल्या कंपनीचं घ्यायचं हेसुद्धा त्यांनी ललितला विचारलं. ठिबक! मी ते विकतो!

मी रागावलेलो नाही.

१९ एप्रिल, शनिवार

गाळलं. रंग काळपट तांबडा, फोटोतल्यासारखा. एक थेंब जिभेवर ठेवला. जेवणापर्यंत तोंड वाकडं होतं. म्हणजे उत्तम झालंय.

टॉनिकच्या जुन्या मोठ्या बाटलीत भरलं. बार अजून नानांपासून लपलेला आहे म्हणून लेबलवर फक्त लिहिलं: काडेचिराईत, मेथी, संत्र्याची साल.

ललितने चाखल्यावर बोलायची पाच वाक्यं मी मनात तयार ठेवलीत. त्यातल्या तिसऱ्यात तो माफी मागतो.

२८ एप्रिल, सोमवार

बाटली नाही.

शोकेस, फ्रिज, माळा, सगळं पाहिलं. सुलक्षणा काल आखाजीसाठी माहेरी गेली. फोन केला. ती म्हणाली, नानांचं पोट महिनाभर बिघडलंय म्हणून ललितरावांचं औषध घेऊन आले. दोन चमचे सकाळी, दोन संध्याकाळी देतेय.

दोन चमचे. रम. व्यसनमुक्तीच्या अध्यक्षांना.

ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. ती म्हणाली, एवढंसं औषध बापाला दिलं तर तुमच्या पोटात का दुखतंय? खरं सांगणार होतो. फोन कट केला.

उद्या सांगतो.

३० एप्रिल, आखाजी. फैजपूर

नाना ओट्यावर खुर्चीत. चेहरा टवटवीत. मी इतक्या वर्षांत त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, आज हसत होते. दुपारी खापराचे मांडे आणि आमरस, दोन वाट्या, वर तूप. महिनाभर ताकभातावर होता हा माणूस.

सगळ्यांसमोर म्हणाले, "असं औषध मले कोन्या डॉक्टरनं दिलं नाही. पोट कसं हलकं झालं. रात्री झोपही लागते."

काळीज असं भरून आलं की उभाच राहिलो. एकोणीस वर्षं या एका वाक्यासाठी ओट्यावरच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसलोय मी. तोंड उघडलं. आणि नानांनी हात ललितच्या पाठीवर ठेवला.

ललितने बाटली उघडून हुंगली. माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं. मग म्हणाला, "काही नाही हो नाना, साधं आपलं घरगुती."

घरगुती! माझ्या घरचं!

मागच्या अंगणात त्याला गाठला. तो म्हणाला, भाऊ, नानांना खरं सांगायचं असेल तर खुशाल सांगा, मी मध्ये येत नाही. फक्त आत काय आहे तेही सांगावं लागेल. वर म्हणाला, बॅलन्स मस्त जमलाय, शेवटाला संत्रं लागतं. मला हे ऐकायचं होतं. त्याच्याकडून ऐकायचं होतं. आणि ऐकल्यावर त्याचा गळा धरावासा वाटला.

१ मे, गुरुवार

ललित जळगावला आलाच नाही. नानांनी ठेवून घेतला. बारसमोर एकटाच बसलो. रम बिटर्समध्ये गेली. दुसऱ्या बाटलीत काहीच नव्हतं, ती शोभेला ठेवलेली.

संकल्प: नानांना पत्र लिहून खरं सांगायचं. उद्या.

४ मे, रविवार

पत्र लिहिलं. तीन पानं झाली. दोन पानं ललितवर आहेत. परत लिहावं लागेल.

११ मे, रविवार. फैजपूर

व्यसनमुक्ती मंडळाचा मेळावा. नानांनी दोन्ही जावयांना बोलावलं होतं. कशाला, ते सांगितलं नव्हतं. मला वाटलं, सुलक्षणाने काही सांगितलं असेल, नाना मोठ्या मनाने सगळ्यांसमोर माझं नाव घेतील. नवा शर्ट घातला.

ललितचा सत्कार झाला. शाल, नारळ, टाळ्या. नाना माईकवर म्हणाले, पुण्यासारख्या ठिकाणी राहून हा मुलगा आपली वनस्पती विसरला नाही. लोक दारूच्या मागे लागतात, याने काढा शोधला. दोनशे माणसांसमोर. ललितने हात जोडून मान खाली घातली. चांगली घातली. रागाने माझ्या कानात शिट्ट्या वाजत होत्या.

नंतर शपथ. पहिल्या रांगेतल्यांनी हात वर करायचे होते. मी पहिल्या रांगेत होतो. आजन्म दारूला शिवणार नाही. सुलक्षणा बायकांतून माझ्याकडे पाहत होती. शिवणार नाही, म्हणालो. मोठ्याने.

मंचावरून उतरताना नाना मला म्हणाले, "भूपेंद्रराव, काही शिका ललितरावांपासून."

१२ मे, सोमवार

ललितचा फोन. नानांची बाटली संपत आलीय. शिवाय मंडळातल्या पाच जणांना हवंय. सहा बाटल्या पाठवा भाऊ, मला इथून कुठे जमतंय. फोन ठेवल्यावर जे म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पाठवणार नाही. काय वाटेल ते होवो.

१४ मे, बुधवार

काल काडेचिराईत आणलं. पण या वेळी पद्धत माझी. शपथ घेतलीय, घेतली ती घेतली. रमचा थेंब नाही. पाण्यात रात्रभर भिजवलं, उकळून आटवलं, गाळलं. स्वच्छ, प्रामाणिक, कुणापासून काही लपवायला नको. आता नानांना सांगता येईल की हे मी केलंय, कारण हे खरंच औषध आहे.

बुद्धभूषणला चाखायला दिलं. तो म्हणाला, काढा आहे. मी म्हणालो, अर्थात काढा आहे. आज त्याचा रागही आला नाही. बरं वाटतंय.

बाटल्या सुलक्षणाबरोबर फैजपूरला पाठवल्या. या वेळी तिला स्पष्ट सांगितलं: या माझ्या आहेत. ललितचा काही संबंध नाही. ती म्हणाली, बरं, नानांना नाव सांगते तुमचं.

१ जून, रविवार. सकाळी १०

नानांचा फोन. त्यांच्या नंबरवरून, मला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. दुकानातल्या माणसांना बाहेर पाठवलं, खुर्ची ओढून घेतली आणि मग उचलला.

नाना म्हणाले, "जावईबापू, हे पहिल्यासारखं नाही. यात जोर नाही. सुलक्षणा म्हणे हे तुमी केलं?"

हो, म्हणालो.

"मंग राहू द्या. ललितरावाले करू द्या."

बरं नाना, म्हणालो.