इलोनाबाईंची आई

नगर, १२ फेब्रुवारी

अजिनाथदादा,

मी मराठीत आणलेलं हंगेरियन लेखिका इलोनाबाईंचं आत्मचरित्र वाचून तू परवा मिरजगावहून फोन केलास. "ती आईपाशी येळंवर पोचली, लई बरं वाटलं रं," म्हणालास आणि रडलास.

दादा, ती पोचली नव्हती. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं भाषांतरित करणारी ती बाई आई शेवटच्या घटका मोजत होती त्या आठवड्यातही टेबलावरून उठली नाही. आई गावी एकटीच गेली, असं तिनं सरळ लिहिलंय. भाषांतरात त्या बाईला गाडीत बसवून आईच्या उशाशी नेलं ते मी.

आपली आई गेली तेव्हा मी बुडापेस्टात इलोनाबाईंना त्याच पुस्तकातल्या शंका विचारत होतो. दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा तू हात जोडून म्हणालास, "आये, गहिनी निघालाय." मग शिवला. निघालोय असं फोनवर मीच सांगितलं होतं. मी तिकीटसुद्धा काढलं नव्हतं.

आता दुसरी आवृत्ती निघतेय. ते पान मी आज मुळाबरहुकूम केलं. इलोनाबाईंची आई आता एकटीच जाते.

दादा, तुझ्याकडची प्रत मात्र बदलू नकोस.

तुझा, न निघालेला,
गहिनीनाथ