वहीतला लाल शेरा

रवि. ६ नोव्हें. ९४, कोल्हार
जुना टीव्ही आता नुसत्या मुंग्या दाखवतो. ह्यांना रंगीत हवा, क्रिकेटसाठी. केबल बाजारतळापर्यंत आलीय, तीही घेऊ म्हणतात. आपल्या आईला, आमच्या आत्यांना, दिसत नाही हे विसरतात. आत्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "मला कानानंच बघायचंय, रंग कुनाला?" मला काय हवं ते विचारलं नाही कोणी.
दुपारी टीव्ही विकणारा दारात. आठवड्यातला तिसरा. आधी मिक्सरवाला, मग स्टीलचे डबे. हाकलणारच होते, पण आत्यांनी सवयीनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि त्यानं टेकायच्या आधी घटाघटा रिकामा केला. आडनाव नाही, गल्ली नाही, काही विचारलं नाही. "पेला का गं त्यो?" प्रत्येक नव्या माणसाबद्दल आत्या हेच विचारतात. धम्मदीक्षेच्या आधी आमच्या दारचं पाणी गावात कोणी घेत नव्हतं. पेला म्हटल्यावर त्यांचा चेहरा जो उजळला, त्यानंतर मी कसली हाकलते!
सेट ठेवून गेला, "फुकट बघा, बाई, मग ठरवा." जाताना वही पुढे केली, दोन शब्द लिहा म्हणून. वही समोर आली की माझा हात थांबत नाही. लाल पेनानं "छान", खाली सही. वीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्याची खोड.

गुरु. १० नोव्हें.
दुपारी चित्र झकास. संध्याकाळी नदीकडच्या पाण्याच्या मोटारी चालू झाल्या, व्होल्टेज पडलं, की चारी बाजूंनी काळं. चित्र पोस्टकार्डाएवढं. तो दुपारीच का येतो ते आत्ता कळलं.
ह्यांना सांगितलं, टीव्ही बघायचा तर सातला, आपल्याच घरात, मोटारी चालू असताना. दुकानात सगळेच नवरदेव. आणि बिघडला तर कोण येणार ते आधी विचारायचं. त्याच्या कार्डावर नुसता नगरचा फोन, तो लागत नाही. हे म्हणाले, "वरातीमागून घोडं." खरंच आहे, म्हणून जास्त राग आला.

शनि. १२ नोव्हें.
मंदाकडे ब्लाऊज शिवायला टाकायला गेले. माझीच विद्यार्थिनी, चौथीपर्यंत. कोपऱ्यात तोच टीव्ही! विकत घेतलेला.
"त्यानं वही दावली, बाई. तुमची लाल सही. मग आनखी काय बघायचं?"
तिच्या आळीत आणखी चार घरांनी घेतला. सगळ्यांना तीच वही.
संध्याकाळी चित्र आक्रसतं का, विचारलं. म्हणाली, "आक्रसतं. पन तुमी छान म्हनलंय, म्हंजी आमालाच बटनं कळत नसतील."
दिवसभर मशीन मारून ती तासभर बघणार, तेवढीच तिची करमणूक. ती हसत होती. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. बाईंचा शेरा चुकत नाही, हे मीच शिकवलंय तिला.

सोम. १४ नोव्हें.
शाळा सुटल्यावर पाचही घरी जाऊन आले. एका घरी थट्टा, "बाई, आता तुमी काय विकाय निघाल्या?" हसून घेतलं. माझा शेरा चुकला, असं स्वतःच्या तोंडानं पाच वेळा म्हणाले. पहिल्यांदा जड गेलं, पाचव्यांदाही गेलं. वर सांगितलं, दुकानाचा शिक्का नसलेलं गॅरंटी कार्ड म्हणजे रद्दी. कोऱ्या कागदावर सही नको. "फुकट ठेवून बघा"ला भुलू नका, मी भुलले.
फाटकावर पाटी टांगली, "विक्रेत्यांनी येऊ नये." तासाभरात उलटी! आत्यांनी शेजारणीकडून वाचून घेतली होती.
"आपल्याला लई दारं बंद हुती. आपन न्हाई बंद करायची."
"अहो, पण नको ते गळ्यात मारतात."
"मग न्हाई म्हन की. पानी दे आन् न्हाई म्हन."
हे मला जमलं असतं तर पाटी लागली असती का...

रवि. २० नोव्हें.
आला. आत्यांनी त्या टीव्हीवाल्यासाठी तांब्या भरून ठेवला नि आत गेल्या. मी वही मागितली. "छान"वर रेघ मारली, खाली लिहिलं, शेरा रद्द, संध्याकाळी चित्र आक्रसते. सही, तारीख.
"पोटावर मारता, बाई."
वाईट वाटलं. तरी म्हणाले, मंदाच्या आळीतले सेट परत घ्या, नाहीतर पाचही घरी स्टॅबिलायझर बसवून द्या. साहेबांना विचारून बुधवारी मंदाकडे येतो म्हणाला. आमचा सेट उचलला, टेम्पोत टाकला, गेला.
तांब्या काठोकाठ तसाच. रागानं राहिला? घाईत? पहिल्या दिवशी तरी तहानच होती का, की ती विकायची रीत? आता हे कुणाला विचारणार.
आतून आत्या, "पेला का गं त्यो?"
"पेला," म्हणाले.
पाणी जास्वंदीच्या मुळाशी ओतलं, आवाज होऊ न देता. जुना टीव्ही परत जोडलाय. मुंग्याच दिसतात, पण आवाज खणखणीत, आत्या खूश.
बुधवारी मंदाकडे जाऊन बसणार. आत्याही येते म्हणताहेत, त्याला पाणी द्यायला. त्यांना नेणार नाही.